१९८३ : कुलूप नसलेली खाच – अटारीची पडझड, फॅमिकॉम आणि आपल्याकडच्या कॅसेटी

बिटमोजणी (धागाकर्ते)

व्हिडिओ गेमच्या इतिहासातलं एकच वर्ष निवडा म्हटलं की कुणी १९७२ चं पाँग सांगतं, कुणी १९८५ चा सुपर मारिओ. माझं मत १९८३ ला. त्या एका वर्षात अमेरिकेतला घरगुती गेमचा धंदा, अटारी कंपनीसकट, कोसळला, आणि त्याच वर्षी जपानमध्ये १५ जुलैला निन्टेंडोचा फॅमिली कॉम्प्युटर, म्हणजे फॅमिकॉम, १४,८०० येनला विक्रीला आला. सोबत फक्त तीन खेळ होते : डाँकी काँग, डाँकी काँग ज्युनियर आणि पॉपाय. गंमत म्हणजे सेगाचा पहिला घरगुती सेट एसजी-१००० सुद्धा त्याच दिवशी बाजारात आला, १५,००० येनला.

आपल्यासाठी हे वर्ष महत्त्वाचं आहे ते एका बारीक तांत्रिक कारणामुळे. फॅमिकॉमच्या कॅसेटच्या खाचेला ६० पिना आहेत आणि त्यातली एकही पिन 'ही कॅसेट अधिकृत आहे का' असं विचारत नाही. म्हणजे खाचेला कुलूप नाही. नव्वदच्या दशकात भारतात घरोघरी जे 'टीव्ही गेम' आले, पिवळ्या कॅसेटीवाले, ते या मशीनच्या तैवान-चीनमधल्या नकला होत्या. त्यांच्या कॅसेटी सगळीकडे चालायच्या, कारण १९८३ साली ती खाच उघडी ठेवली होती.

आणखी एक जुळणी. जपानीतही गेमच्या कार्ट्रिजला 'कासेत्तो'च म्हणतात. मूळ आराखड्यात ती गाण्याच्या कॅसेटएवढी असावी असं ठरलं होतं, प्रत्यक्षात साधारण दुप्पट झाली. त्यामुळे आपण 'कॅसेट' म्हणतो ते चूक आहे असं कुणी सांगितलं तर बिनधास्त दुर्लक्ष करा.

इतिहासाबरोबरच जुना सेट आज चालू कसा करायचा, हेही इथे नोंदवूया. ज्यांना नेमकं माहीत आहे त्यांनी आकड्यांसकट लिहा.


कौलारू

धागा चांगला आहे. पहिल्या परिच्छेदाला एक पुरवणी : १९८३ ची पडझड जगभराची नव्हती, ती उत्तर अमेरिकेची होती. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी झेडएक्स स्पेक्ट्रमवर मॅनिक मायनर आणि जेटपॅक आले आणि तिथला बाजार टेपवर व्यवस्थित चालू होता. जपानला तर झळही लागली नाही.

अमेरिकेत काय झालं ते क्रमाने पाहिलं तर सगळा दोष 'ई.टी.' या एका खेळावर टाकणं किती अपुरं आहे ते कळतं. १९७९ साली अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी ॲक्टिव्हिजन काढली. अटारीने तिच्यावर केलेला दावा १९८२ मध्ये तडजोडीने मिटला आणि अटारीच्या २६०० या घरगुती सेटसाठी कुणीही कॅसेट बनवू शकतो हे पक्कं झालं. मग ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीनेही यूएस गेम्स नावाचा विभाग चालवला आणि कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या राल्स्टन प्युरिनानेही एक खेळ काढला.

खरी मेख दुकानदारांच्या परतीच्या व्यवहारात होती. न विकलेला माल परत करायचा आणि त्याबदल्यात पैसे किंवा नवा माल घ्यायचा, ही पद्धत होती. छोट्या प्रकाशकांकडे परत द्यायला ना पैसे होते ना नवा माल. त्या कंपन्या बंद पडल्या की दुकानदाराच्या गळ्यात कॅसेटी उरायच्या आणि तो त्या ५ डॉलरच्या टोपलीत टाकायचा. ३५ डॉलरची नवी कॅसेट शेजारच्याच फळीवर! पाच डॉलरची टोपली दिसत असताना नव्याला हात कोण लावणार? चांगले खेळही त्यामुळे अडकून पडले.

त्यात घरगुती संगणकांचं दरयुद्ध. कमोडोर ६४ ची किंमत ५९५ डॉलरवरून १९८३ च्या मध्यापर्यंत २०० च्या आसपास आली. पालकांना वाटायचं, नुसता गेम घेण्यापेक्षा संगणक घ्यावा. त्या दरयुद्धात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तर ऑक्टोबर १९८३ मध्ये घरगुती संगणकातून अंगच काढून घेतलं.

ई.टी. हा यातला ठळक दिसणारा तुकडा आहे, एवढंच. तो लिहिणारे अटारीचे प्रोग्रामर हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना साधारण पाच आठवडे मिळाले. नाताळ गाठायचा होता म्हणून घाई. कॅसेटी ४० लाखांच्या आसपास बनवल्या आणि त्यातला मोठा भाग परत आला. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत माल पुरला. २६ एप्रिल २०१४ ला तिथे उकरलं तेव्हा सुमारे १,३०० कॅसेटी बाहेर काढल्या. तिथे ई.टी.बरोबर सेंटिपीडसारखे चांगले खपलेले खेळही निघाले. म्हणजे ती गोदाम रिकामं करण्याची मोहीम होती, एका फसलेल्या खेळाची कबर नव्हती.


अनुजा_दे

आता यंत्राकडे येते, कारण १५ जुलैला दोन सेट एकाच दिवशी आणि जवळपास एकाच किमतीला आले, तरी एक कुठल्या कुठे गेला आणि दुसरा मागे राहिला. त्याचं कारण चित्राच्या चिपमध्ये आहे.

एसजी-१००० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची तयार टीएमएस९९१८ए चिप होती. तिच्यात ३२ स्प्राइट (पार्श्वभूमीवर सुटी हलणारी छोटी चित्रं), प्रत्येक स्प्राइट एकाच रंगाचा, एका आडव्या रेघेवर जास्तीत जास्त ४. पडदा सरकवण्याची सोय चिपमध्ये नाही, त्यामुळे पार्श्वभूमी सरकवायची तर आठ-आठ पिक्सेलच्या धक्क्याने.

फॅमिकॉमसाठी निन्टेंडोचे अभियंते मासायुकी उएमुरा यांच्या गटाने रिको या चिप कंपनीकडून खास चिप बनवून घेतली. ६४ स्प्राइट, प्रत्येकात पारदर्शक सोडून ३ रंग, एका रेघेवर ८. पडद्यावर एका वेळी २५ रंग : पार्श्वभूमीच्या चार पॅलेटींचे १२, स्प्राइटच्या चार पॅलेटींचे १२ आणि सगळ्यांच्या मागचा एक. आणि एकेका पिक्सेलने सरकणारा पडदा थेट चिपमध्ये. १९८३ साली या सरकत्या पडद्याचा फारसा उपयोग कुणी केला नाही, पण दोन वर्षांनी मारिओ त्याच्याच जिवावर धावला.

प्रोसेसर म्हणजे ६५०२ या प्रचलित प्रोसेसरचाच गाभा, दशमान गणित बंद केलेला, सोबत आवाजाचे पाच चॅनल त्याच चिपमध्ये. वेग १.७९ मेगाहर्ट्झ. कामाची रॅम २ केबी, चित्राची रॅम २ केबी. बस्स. रिकोला एवढ्या कमी भावात चिप द्यायला तयार करायचं म्हणून निन्टेंडोचे प्रमुख यामाउचींनी दोन वर्षांत ३० लाख चिपांच्या खरेदीची हमी दिली होती. एकही सेट विकला गेलेला नसताना!

रेघेवर ८ स्प्राइटची मर्यादा आजही दिसते. एका ओळीत शत्रू जास्त आले की ते लुकलुकतात ना, तो टीव्हीचा दोष नाही. नववा स्प्राइट चिप काढतच नाही, म्हणून प्रोग्रामर दर फ्रेमला क्रम बदलतो. त्यामुळे प्रत्येक जण आळीपाळीने गायब होतो आणि डोळ्यांना लुकलुक दिसते.

डाँकी काँगची कॅसेट २४ केबीची होती (१६ प्रोग्राम, ८ चित्रं). जागा कमी म्हणून आर्केडमधला ५० मीटरचा मजला, सरकत्या पट्ट्यांचा, गाळला.


रानवाटा

वाचतोय, उत्तम माहिती. जपानहून मागवलेला मूळ फॅमिकॉम (लाल-पांढरा) इथल्या टीव्हीला लावला तर चित्र येतं पण आवाज येत नाही, किंवा काहीच येत नाही, असं बरेच जण विचारतात. नेमकं काय अडतं? आणि अ‍ॅडॉप्टर कुठला लावायचा?


सर्किटवाला

आधी वीज, कारण इथे चूक झाली तर पुढचं काही उरत नाही.

मूळ अ‍ॅडॉप्टर जपानच्या १०० व्होल्टचा आहे. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट घातला की जळतो. त्याची गरजच नाही. सेटला लागतं १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर, आणि पिनच्या मध्यभागी ऋण. आत ७८०५ रेग्युलेटर (व्होल्टेज ५ वर आणणारा भाग) आहे, त्यामुळे ९ व्होल्ट, १ अँपिअरचा डीसी अ‍ॅडॉप्टर उत्तम चालतो. आपल्याकडे मिळणारे बहुतेक ९ व्होल्टचे अ‍ॅडॉप्टर मध्यभागी धन असतात. घेताना खोक्यावरचं गोल चिन्ह बघा, आणि त्यावरही विसंबू नका. मल्टिमीटर डीसी २० वर ठेवून लाल प्रोब आतल्या भागाला, काळा बाहेरच्या कड्याला लावा. आकडा वजा आला पाहिजे.

१२ व्होल्टचा लावला तर लगेच काही होत नाही, पण ७८०५ वर जास्तीची उष्णता पडते. सेट अर्धा अँपिअर घेतो असं धरलं तर ९ व्होल्टला २ वॉट आणि १२ व्होल्टला ३.५ वॉट. अर्ध्या तासाने चित्र थरथरायला लागलं की कारण हेच.

अमेरिकन एनईएसचा (एनईएस म्हणजे फॅमिकॉमची तिकडे विकलेली आवृत्ती) अ‍ॅडॉप्टर कधीही लावू नका. तो ९ व्होल्ट एसी देतो. एनईएसच्या आत ब्रिज रेक्टिफायर आहे म्हणून त्याला चालतं. फॅमिकॉममध्ये तो नाही, त्यामुळे सेट जळण्याची पूर्ण शक्यता.

आता चित्र. मूळ फॅमिकॉममधून फक्त आरएफ, म्हणजे अँटेनाचा सिग्नल बाहेर येतो, जपानी चॅनल १ किंवा २ वर. जपानी चॅनल १ ची चित्रलहर ९१.२५ मेगाहर्ट्झला. आपल्याकडे या जागी दूरदर्शनचा चॅनलच नव्हता, त्यामुळे जुन्या डायलच्या टीव्हीवर तो सापडत नाही. केबल बँडवाल्या टीव्हीवर हाताने शोधला तर सापडतो, पण मग दोन अडचणी. एक, जपानची पद्धत एनटीएससी, तिच्यात आवाजाची लहर चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झवर. आपण १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू केलं ते पाल-बी पद्धतीने, त्यात हे अंतर ५.५. म्हणून चित्र येतं आणि आवाजाच्या जागी फक्त खरखर. दोन, रंगाची लहर एनटीएससीत ३.५८ आणि पालमध्ये ४.४३. म्हणून फक्त-पाल टीव्हीवर चित्र काळंपांढरं.

तेव्हा आरएफच्या नादी न लागता कॉम्पोझिट, म्हणजे पिवळी पिन, काढून घेणं हा एकच शहाणा उपाय. आजचे बहुतेक टीव्ही पिवळ्या पिनवर एनटीएससी ओळखतात.


अनुजा_दे

एक पर्याय सांगून ठेवते. फक्त खेळायचं असेल आणि सोल्डरिंग नको असेल तर १९९३ चा दुसरा फॅमिकॉम (मॉडेल एचव्हीसी-१०१, यालाच एव्ही फॅमिकॉम म्हणतात) घ्या. त्यात कॉम्पोझिट मुळातच आहे आणि कंट्रोलर सुटे होतात. १९८३ च्या सेटमध्ये कंट्रोलरच्या वायरी आतच जोडलेल्या आहेत. वायर तुटली तर सेट उघडावाच लागतो.

पण दुसऱ्या कंट्रोलरवरचा माइक फक्त जुन्या सेटमध्ये आहे. डिस्कवर आलेल्या पहिल्या झेल्डामध्ये सशासारख्या कानांचा एक शत्रू त्या माइकमध्ये ओरडलं की मरतो. नव्या सेटवर ते होत नाही.


सर्किटवाला

कॉम्पोझिट काढायची रीत. लागणारं सामान अगदी थोडं, लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक पार्टच्या दुकानात मिळतं : एक पीएनपी ट्रान्झिस्टर (२एन३९०६ किंवा बीसी५५७), ३०० ओहमचा एक रेझिस्टर, ११० ओहमचा एक, २२० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा एक कपॅसिटर, आवाजासाठी १० मायक्रोफॅरडचा एक, दोन आरसीए सॉकेट, बारीक शील्डेड वायर.

सेट उघडला की ४० पायांच्या दोन मोठ्या चिपा दिसतील. २सी०२ असं लिहिलेली चित्राची. चिपच्या टोकाची अर्धगोल खूण वर धरली तर डावीकडचा वरचा पाय १, डावीकडचा खालचा २०, त्याच्या समोर उजवीकडचा खालचा २१. हाच चित्राचा पाय. ४० वर ५ व्होल्ट, २० वर ग्राउंड.

पाय २१ बोर्डापासून सोडवा. सोल्डर ओढून घेऊन पाय हळूच वर उचला, किंवा त्याच्याकडे जाणारी तांब्याची रेघ कापा. न सोडवता नुसती वायर जोडली तर आरएफचं सर्किटही त्यावर भार टाकतं आणि चित्र फिकं येतं. मग पाय २१ ट्रान्झिस्टरच्या बेसला. कलेक्टर ग्राउंडला. एमिटर ३०० ओहममधून ५ व्होल्टला. त्याच एमिटरवरून ११० ओहम, पुढे २२० मायक्रोफॅरड (धन टोक एमिटरच्या बाजूला), पुढे पिवळं सॉकेट.

चुकतं कुठे? ९० टक्के वेळा ट्रान्झिस्टरच्या पायांच्या क्रमात. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली : २एन३९०६ मध्ये डावीकडून एमिटर-बेस-कलेक्टर, बीसी५५७ मध्ये बरोब्बर उलट, कलेक्टर-बेस-एमिटर. जपानी लेखांमध्ये २एसए१०१५ सांगतात, त्याचा क्रम तिसराच : एमिटर-कलेक्टर-बेस. आकृती एका ट्रान्झिस्टरची आणि हातात दुसरा, असं झालं की पडदा काळा.

दुसरी तक्रार म्हणजे चित्रावर उभ्या फिकट पट्ट्या. पाय २१ शेजारच्या गजबजलेल्या रेघांचा आवाज उचलतो. ट्रान्झिस्टर चिपला खेटून लावा, वायर जितकी आखूड तितकी बरी, शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा. पट्ट्या कमी होतात. अजिबात जात नाहीत, हेही आधीच सांगतो.

आवाज चिपवरून घेऊ नका. कॅसेटच्या खाचेतल्या पिन ४६ वरून १० मायक्रोफॅरडमधून घ्या. कारण फॅमिकॉममध्ये आवाज पिन ४५ वरून कॅसेटमध्ये जातो आणि ४६ वरून परत येतो.


रानवाटा

आवाज कॅसेटमधून फिरून का येतो?


बिटमोजणी

१९८३ च्या आराखड्यातली ही मला सगळ्यात दूरदृष्टीची वाटलेली गोष्ट. साध्या कॅसेटमध्ये ४५ आणि ४६ फक्त एकमेकांना जोडलेले असतात. पण निर्मात्याने कॅसेटमध्ये स्वतःची आवाजाची चिप घातली तर तो आपला आवाज मधेच मिसळू शकतो. कोनामीने १९८९ च्या आकुमाजो देन्सेत्सुमध्ये व्हीआरसी६ चिप घालून तीन जादा चॅनल दिले. त्याच खेळाची अमेरिकन आवृत्ती (कॅसलव्हेनिया ३) ऐकली तर संगीत कमी भरीव वाटतं, कारण एनईएसच्या ७२ पिनांच्या खाचेत हा फेरा नाही.

दुरुस्तीसाठी याचा उपयोग असा : चित्र ठीक आणि आवाज शून्य असेल तर आधी दुसरी कॅसेट लावून बघा. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून पहिल्या कॅसेटची ४५ आणि ४६ तपासा. बीप आला नाही तर कॅसेटमध्ये जोडणीच नाही किंवा तांबं उडालंय. एका तारेच्या तुकड्याने काम होतं. (आत आवाजाची चिप असलेल्या मोजक्या जपानी कॅसेटींना मात्र ही तार जोडू नका.)


तांबडीमाती

आता आपल्या ओळखीच्या नकलांबद्दल. मूळ जपानी खेळ आणि नव्वदच्या दशकातला आपल्याकडचा सेट शेजारी ठेवले तर मारिओ आपल्याकडे हळू धावतो. हा आठवणीचा खेळ नाही, हिशेब आहे.

मूळ मशीन सेकंदाला ६० फ्रेम काढतं आणि जवळपास सगळे खेळ फ्रेम मोजून चालतात. पाल देशांसाठीच्या नकला ५० फ्रेम काढतात. म्हणजे वेग ८३ टक्के. मुळात ६० सेकंदांचा टप्पा ७२ सेकंदांचा होतो. संगीताची लयही तेवढीच मंद. कॉन्ट्रा मूळ वेगात खेळायला बसलं की सुरुवातीला हात कमी पडतो, त्याचं कारण हेच.

पण सूर मात्र जागेवर राहतो, हे यातलं कौतुकाचं काम. निन्टेंडोच्या अधिकृत पाल सेटमध्ये २६.६ मेगाहर्ट्झच्या मुख्य घड्याळाला १६ ने भागून प्रोसेसरला १.६६ मेगाहर्ट्झ दिलं, त्यामुळे जपानी कॅसेट त्यावर लावली तर सूर ७ टक्के उतरतो, म्हणजे अर्ध्या स्वराहून जास्त. तैवानच्या यूएमसीने आपल्या पाल चिपांमध्ये (यूए६५२७पी आणि यूए६५३८) त्याच घड्याळाला १५ ने भागलं आणि १.७७ मिळवलं. मूळ १.७९ पासून फरक एक टक्क्याच्या आत.

त्याहून हुशार गोष्ट अशी. ५० फ्रेमच्या चित्रात २६२ ऐवजी ३१२ रेघा असतात. जादा ५० रेघांचा वेळ कुठे घालायचा? यूएमसीने तो चित्र संपल्यानंतर पण प्रोसेसरला 'आता तुझी पाळी' हा इशारा देण्याच्या आधी घातला. मूळ मशीनमध्ये इशारा २४१ व्या रेघेला, इथे २९१ व्या. इशाऱ्यानंतरचा वेळ मूळ जपानी मशीनएवढाच, २० रेघांचा राहिला. म्हणून जपानी कॅसेटींचा नाजूक वेळेवर चालणारा कोडही नकलेवर बिघडत नाही, अधिकृत पाल सेटवर मात्र काही खेळांत पडदा फाटल्यासारखा दिसतो.

एक दोष त्यांच्याकडून राहिला : बऱ्याच नकली चिपांमध्ये दोन चौकोनी लहरींच्या रुंदीचे २५ आणि ५० टक्के हे पर्याय अदलाबदल झालेत. त्यामुळे काही धून मूळपेक्षा वेगळ्या, जरा नाकातून गायल्यासारख्या ऐकू येतात.

इम्युलेटरवर (संगणकावर जुन्या सेटची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) तोच जुना अनुभव हवा असेल तर प्रदेश निवडताना 'पाल' निवडू नका. 'डेंडी' नावाचा पर्याय असतो. डेंडी ही याच प्रकारची रशियात विकली गेलेली नक्कल.


कौलारू

फारच नेमकं. आता '९९९९ इन १' कॅसेटीचंही कुणी सांगा. आत खरे खेळ किती आणि बाकीचे कुठून येतात?


तांबडीमाती

फॅमिकॉमला कॅसेटमधला प्रोग्राम एका वेळी ३२ केबी आणि चित्रं ८ केबी एवढीच दिसतात. मोठ्या रॉममधला कुठला तुकडा दाखवायचा हे कॅसेटमधली छोटी चिप ठरवते. मल्टी-कॅसेटमध्ये मेनू सुरू होतो, तुम्ही ओळ निवडली की मेनू त्या चिपला तुकड्याचा क्रमांक देतो आणि खेळाच्या आरंभाला उडी मारतो.

खरे खेळ बहुधा ५ ते २०. बाकीच्या ओळी त्यांचेच अवतार. उडी मारायच्या आधी मेनू २ केबी रॅममध्ये एखादी संख्या लिहून ठेवतो, किंवा रॉममध्येच थोडा बदललेला आरंभ असतो : सुरुवातीची पातळी ५, आयुष्यं ३०, हातात आधीच चांगली बंदूक. नावं वेगळी, खेळ तोच. म्हणून यादीत खाली गेलं की तोच टँक वेगळ्या भिंतींसकट भेटतो.

अशा कॅसेटींत १९८४-८५ चे छोटे खेळ जास्त का? ते २४ किंवा ४० केबीत मावतात आणि त्यांना स्वतःची तुकडे बदलणारी चिप लागत नाही. सुपर मारिओ ४० केबी, म्हणजे अगदी सोयीचा. कॉन्ट्रा मोठा, त्याला बदलाबदली लागते, म्हणून तो स्वस्त कॅसेटीत कमी वेळा सापडतो.


रानवाटा

आणि बंदूक? बदकं मारायची बंदूक एलसीडी टीव्हीवर अजिबात लागत नाही.


सर्किटवाला

लागणारही नाही. घोडा ओढला की पडदा एका फ्रेमपुरता काळा होतो, पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन. बंदुकीत फक्त प्रकाश ओळखणारा डोळा आहे. काळ्यावर अंधार आणि पांढऱ्यावर उजेड दिसला तर नेम लागला. (काळा फ्रेम नसता तर बल्बवर बंदूक धरून जिंकता आलं असतं.) एलसीडी टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतो आणि ते काही फ्रेम उशिरा दाखवतो, तोवर खेळाने निकाल देऊन टाकलेला असतो. शिवाय बंदुकीचं सर्किट पिक्चर ट्यूबच्या साधारण १५ किलोहर्ट्झच्या लुकलुकीवर जुळवलेलं आहे, एलसीडीत ती नाही. जुना ट्यूबचा टीव्ही हाच उपाय.


अनुजा_दे

कॅसेट साफ करण्याबद्दल, कारण सेट बिघडलाय म्हणून आणलेल्यातले बरेच फक्त मळलेले असतात.

फुंकर मारू नका. फुंकरीने सुरू होते ते कॅसेट काढून परत घातल्यामुळे, संपर्क नव्याने बसल्यामुळे. फुंकरीतली वाफ तांब्यावर हिरवट थर आणते, आपल्या पावसाळी हवेत तर लवकरच. कोकण-गोव्यात ठेवलेल्या कॅसेटी बघा, हिरवा थर हमखास.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, पिनांच्या लांबीच्या दिशेने पुसा, आडवं नको. काडी काळी यायची थांबेपर्यंत. हिरवा थर हटत नसेल तर पेन्सिलचा मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने, मग पुन्हा अल्कोहोल. पॉलिश पेपर कधीच नाही, वरचा पातळ मुलामा निघून जातो आणि मग दर महिन्याला गंज. खाच साफ करायला स्वच्छ केलेल्या कॅसेटच्या पिनांवर अल्कोहोल लावून सेट बंद असताना आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. दहा मिनिटं वाळू द्या.

रंगीत चौकोनांचा कचरा दिसतो आणि खेळ चालू असल्याचा आवाज येतो, म्हणजे प्रोग्रामच्या पिना ठीक, चित्रांच्या पिना मळलेल्या. पडदा एकाच रंगाचा आणि आवाजही नाही, म्हणजे प्रोग्रामच्या पिना, किंवा वीज.


कौलारू

मूळ मुद्द्याकडे परत येतो. बिटमोजणी, तुमचा 'कुलूप नसलेली खाच' हा मुद्दा पटला, पण मग वर्ष १९८५ का नको? अमेरिकेतल्या एनईएसच्या खाचेला कुलूप तर तेव्हा लागलं.


बिटमोजणी

लागलं, पण कशामुळे? १९८३ मध्ये निन्टेंडो अटारीशीच बोलत होती, फॅमिकॉम जपानबाहेर अटारीने विकावा म्हणून. जूनच्या शिकागोच्या प्रदर्शनात कोलेकोच्या ॲडम संगणकावर डाँकी काँग चालताना अटारीच्या लोकांनी पाहिला, संगणकावरचे हक्क आपले असताना हे कसं, म्हणून बोलणी अडली. जुलैत अटारीचे प्रमुख रे कसार गेले, पैसाही आटला, आणि करार बारगळला. तो झाला असता तर फॅमिकॉमवर अमेरिकेत अटारीचं नाव असतं.

ऑक्टोबर १९८५ मध्ये निन्टेंडो न्यूयॉर्कला स्वतः उतरली तेव्हा पाच डॉलरच्या टोपल्या सगळ्यांच्या लक्षात होत्या. म्हणून सेटमध्ये एक चिप, कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघी एकाच वेळी सुरू होऊन आकड्यांची तीच मालिका एकमेकींना पाठवतात, जुळलं नाही की सेट सेकंदाला एकदा रीसेट होतो. शिवाय अमेरिकेत एका प्रकाशकाला वर्षाला पाचच खेळ. कुलपाचा प्रत्येक दात १९८३ च्या अनुभवावर घासलेला आहे.

जपानमध्ये मात्र लाखो सेट आधीच विकले गेले होते, त्यांना मागाहून कुलूप लावता येईना. तीच उघडी खाच तैवानला गेली, तिथून रशियाला आणि आपल्याकडे.


सर्किटवाला

त्या लुकलुकणाऱ्या एनईएसबद्दल दुरुस्तीचं : लाल दिवा सेकंदाला एकदा मिचकावत असेल तर आधी ७२ पिनांची खाच साफ करा. कुलपाची पिन मळली तरी सेटला कॅसेट नकली वाटते. तरीही नाही गेलं तर सेटमधल्या कुलपाच्या चिपचा पाय ४ बोर्डापासून उचलून ग्राउंडला जोडतात. मग चिप रीसेट देतच नाही आणि जपानी खेळही ७२-६० अ‍ॅडॉप्टरमधून चालतात.


रानवाटा

शेवटचा प्रश्न. जुना मूळ सेट विकत घेताना चौकोनी बटणांचा घ्यावा की गोल?


अनुजा_दे

चौकोनी रबरी बटणांचे सेट अगदी पहिले, १९८३ चे. संग्रहाला मोलाचे. खेळायला नकोत : रबर झिजतं, कडेला अडकतं आणि दाबलेलं बटण वर येत नाही. पुढे निन्टेंडोने गोल कडक बटणं दिली. शिवाय पहिल्या काही सेटमध्ये चिपांचा दोष होता, खेळ मधेच अडकायचा. यामाउचींनी माल परत बोलावून बोर्ड बदलून दिले. त्यामुळे चौकोनी बटणांचा सेट घेतलाच तर विकणाऱ्याकडून अर्धा तास सलग चालू असल्याचा व्हिडिओ मागा. पाच मिनिटांचा पुरत नाही, तापल्यावरच खरं काय ते दिसतं.


रानवाटा

गोल बटणांचाच बघतो. ट्रान्झिस्टर बीसी५५७ धरून आकृती काढली की इथे टाकतो, पायांचा क्रम कुणीतरी तपासून द्या.


सर्किटवाला

टाका. आणि पाय २१ उचलताना चिप आधी थंड होऊ द्या, एका वेळी तीन सेकंदांपेक्षा जास्त आयर्न टेकवू नका. ती चिप नवी कुठेही बनत नाही.